बिनकामाच्या गोष्टी

शिक्षकाच्या अंगी एक खोड हळूहळू मुरत जाते, आणि शाळा सुटली तरी ती सुटत नाही. समोर येईल तो मजकूर तपासावा, चुकले असेल तेथे तांबडी रेघ ओढावी, आणि कोणी विषय सोडून बोलू लागताच 'मुद्द्यावर या' म्हणून बजावावे, ही ती खोड होय. लग्नपत्रिका हाती पडली की वधूवरांच्या नावांआधी ऱ्हस्वदीर्घ पाहणारे आमच्यासारखे लोक या चांदूर बाजारात आणखीही असतील. परंतु त्यांच्या खोडीने कोणाचे फारसे बिघडले नसावे. आमच्या खोडीने मात्र एका जुन्या स्नेह्याचा अपराध आमच्या हातून घडला. तो येथे सांगावयाचा आहे. आपल्या मास्तरांची चूक छापलेली वाचून विद्यार्थिमित्रांस थोडा आनंद होईल. तो त्यांनी खुशाल घ्यावा.

आमचे शालेय शिक्षण मिशनच्या वसतिगृहात राहून झाले. लांबट खोली, दोन्ही भिंतींशी सहा-सहा खाटा, आणि प्रत्येक खाटेखाली एक पत्र्याची पेटी. त्या बारा खाटांवर निरनिराळ्या गावांची व निरनिराळ्या धर्मांची बारा मुले पाच वर्षे निजली. पुढे आम्ही नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात गेलो, पदवी घेऊन शिक्षकाच्या पेशात शिरलो, आणि फिरून याच तालुक्यात आलो. बाकीचे अकरा जण दाही दिशांस पांगले. एक मोर्शीकडे एस. टी.त कंडक्टर झाला. एक परतवाड्यास उर्दू शाळेत शिक्षक आहे. दोघे अमरावतीस स्थायिक झाले. एक बँकेत, आणि दुसऱ्याचे वह्यापुस्तकांचे दुकान. एक पुण्यास, एक थेट मस्कतला. आणि एकाने घरची शेती धरली. शिरजगाव कसब्याच्या शिवारात त्याची संत्र्याची बाग आहे. ही हकीकत मुख्यतः त्याची होय.

आरंभी काही वर्षे आम्ही एकमेकांस पोस्टकार्डे लिहीत असू. आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, आणि त्यास तेव्हा पाव आणा पडे. इतके स्वस्त साधन हाती आल्यावर माणसे काय लिहिणार? जे बोलतात तेच. कार्डाच्या डोक्यावर आम्ही 'पत्रास कारण की' हे शब्द मोठ्या वळणदार अक्षरांत लिहीत असू, आणि पुढे कार्डभर कारण म्हणून काहीच नसे. पाऊस बरा आहे, खाणावळीतील वरण पातळ असते, नवी चप्पल चावते, कळावे, लोभ असावा. आमच्या जिल्ह्यात चांदुरे दोन; एक मुंबई-हावडा मार्गावरील चांदूर रेल्वे, आणि दुसरे हे आमचे. पत्त्यात 'बाजार' हा शब्द राहिला की ती चावणारी चप्पल आधी तिकडे मुक्काम करून मग आमच्याकडे येई. आता अमरावती-नरखेड लोहमार्ग झाल्यापासून आमच्या चांदुरासही रेल्वे आहे; त्यामुळे घोटाळा मिटला की वाढला, हे सांगवत नाही.

पुढे कार्डे आटली. लग्ने झाली, बदल्या झाल्या, पत्ते हरवले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, तेव्हा कंडक्टर मित्राने सर्वांचे नंबर हुडकून व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हां बारा जणांचा एक गट बांधला, आणि 'मास्तर आहे, शिस्त ठेवील' असे म्हणून त्याचे चालकत्व आमच्या गळ्यात घातले. वीस वर्षांनी त्या बारा खाटा जणू पुन्हा एका खोलीत लागल्या.

तेथे काय बोलणे चाले म्हणाल, तर जे त्या खोलीत दिवे मालविल्यावर चाले तेच. कंडक्टरास सुट्या पैशांचे दुःख. तीस रुपयांच्या तिकिटास पाचशेची नोट काढणारा प्रवासी त्यास रोज भेटे, आणि त्याचे वर्णन तो रोज नव्या त्वेषाने करी. बँकेतल्या मित्राची मान आखडे. पुणेकराच्या इमारतीचे उद्वाहन बंद पडे व तो प्रत्येक मजल्यावर थांबून आपली प्रगती कळवी. एकदा मस्कतहून तक्रार आली की ज्वारीचे पीठ मोठ्या शोधाने मिळाले, पण भाकर थापताना तुटते. त्यावर दोन दिवस खल झाला. पीठ जुने असावे, असे एकाचे मत. अखेर बागाइतदार मित्राने आपल्या आईस विचारून कळविले की पीठ कढत पाण्यात मळावे. आणि तिसऱ्या दिवशी मस्कतहून एका गोल, थोड्याशा करपलेल्या भाकरीचे छायाचित्र आले. पोरगी पास झाल्यावर बाप जसा हरखतो, तसे ते अकराही जण त्या भाकरीने हरखले. बाराव्यास, म्हणजे आम्हांस, त्या वेळी हसू आले होते.

सर्वांत अधिक लिही तो बागाइतदार. आंबिया बहराच्या दिवसांत बाग हे एक लेकरूच असते. पाणी केव्हा तोडावे, ताण केव्हा द्यावा, फळगळ का सुरू झाली, याची चिंता घटकेघटकेस. परंतु तो केवळ बागेचे लिहीत नसे. 'आज रात्रपाळीची लाइन आहे. मोटर चालू करून बसलो. मच्छर लय.' मध्यरात्री एक वाजता हे वाचून कोणी काय करावे? 'म्हशीनं बादली लाथाडली.' 'मायचा गुडघा आज बरा दिसते.' 'विहिरीवर मुंगूस आलं होतं.' अशी पाचसात वाक्ये त्याची रोज ठरलेली. उत्तर आले नाही तरी त्यास राग नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात घटक चाचणीचे गठ्ठे पुढे घेऊन आम्ही बसलो होतो. मोबाइल सारखा थरथरत होता. आम्हांस वाटले, काही महत्त्वाचे असेल. उघडून पाहतो तो त्या मुंगसावर चर्चा. मुंगूस दिसणे शुभ की अशुभ, यावर कंडक्टराचा व दुकानदाराचा वाद पेटला होता. आमच्यातील मास्तर जागा झाला. तांबडी शाई हातात होतीच. आम्ही उत्तम, निर्दोष मराठीत एक सूचना लिहिली: यापुढे या ठिकाणी केवळ उपयुक्त मजकूर लिहावा, घरगुती व क्षुल्लक बाबी लिहून इतरांचा वेळ घेऊ नये. सूचना पुन्हा वाचून पाहिली. तीत एकही चूक नव्हती.

कोणी तंटा केला नाही. बागाइतदाराने तर लगेच अंगठ्याची खूण उमटविली. आमच्या आजोबांच्या काळी ज्यास लिहिता येत नसे तो अंगठा देई. येथे ज्यास लिहू नको म्हटले त्याने दिला. हे आम्हांस आज सुचते. त्या दिवशी एवढेच वाटले की शिस्त लागली.

शिस्त खरोखरच लागली. सकाळी फुलांची चित्रे व सुविचार येत. कोणी शासनाचा एखादा निर्णय पाठवी. वाढदिवसास बारा तऱ्हांचे केक येत, पैकी एकही खरा नसे. आम्ही समाधानाने गठ्ठे तपासले.

दसरा होऊन गेल्यावर एके संध्याकाळी आम्ही येथील एस. टी. स्थानकावर उभे होतो. समोरून तो बागाइतदार मित्र आला. खांद्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काहीतरी चौपायी वस्तू होती. कागद एका कोपऱ्यात फाटला होता, आणि त्यातून ॲल्युमिनियमची नळी दिसत होती. म्हातारी माणसे धरून चालतात तो वॉकर.

"काहून रे, हे कोनासाठी?" आम्ही विचारले.

"मायसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आंगनात पडली थे. खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीले नेलं होतं, सतरा दिवस होतो तेथं."

"अन् आमाले सांगतलं नाही?"

तो किंचित हसला. रागाचे ते हसू नव्हते. तेवढे असते तर बरे झाले असते. "तुनंच तं लिवलं होतं मास्तर, घरच्या बारक्यासारक्या गोष्टी लिवू नोका म्हनून. पहिल्या दिवशी तं पडलीच होती नुसती. पडनं बारकीच गोष्ट आहे ना? मंग ऑपरेशन ठरलं. तवा वाटलं, आता एकाएकी काय सांगाव? लोक म्हनतीन, गरज पडली तं लिवते."

हळूहळू बाकीचे कळले. सतरा रात्री तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून निजला. दोन वेळा खाणावळीत जेवला. एक वेळ पुष्कळदा नाहीच. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या; त्यांसाठी त्याने अनोळखी माणसांपुढे हात जोडले, आणि कोणा दुसऱ्याच रुग्णाच्या भावाने एक पिशवी दिली. वास्तविक आमचा बँकेतला मित्र त्याच रुग्णालयावरून रोज कामास जातो. दुकानदाराचे घर तेथून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. ते दोघे त्या सतरा दिवसांत आम्हांस सुविचार पाठवीत होते. आणि इकडे बागेत भाद्रपदातली फळगळ चालली होती. फवारणी करावयास घरी कोणी नव्हते.

"किती गेलं?" आम्ही विचारले.

"गेलं थे गेलं," तो म्हणाला. शिरजगावची गाडी लागली. वॉकर टपावर टाकू का, असे कोणीतरी विचारले. त्याने तो मांडीवरच घेतला.

त्या रात्री आमच्या मनात प्रथम जे आले ते आमच्या बचावाचे होते, हे कबूल केले पाहिजे. नियम काही दुखण्याविषयी नव्हता; आईचे हाड मोडणे ही क्षुल्लक बाब असे कोण म्हणेल? परंतु मित्राने जे सांगितले त्यात आमच्या सर्व बचावास उत्तर होते. संकट दारात येते तेव्हा मोठे होऊन येत नाही. 'माय पडली' एवढेच ते असते. ज्याने आदल्या दिवशी म्हशीचे लिहिले आहे तो दुसऱ्या दिवशी आईचे सहज लिहितो. ज्याने दीड महिना काहीच लिहिले नाही त्यास लिहावयाचे म्हटले म्हणजे दार ठोठावल्यासारखे वाटते.

आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. तारा महाग असत, शब्दागणिक दाम पडे, म्हणून तारेने कोणी म्हशीचे लिहीत नसे. पोस्टमन तार घेऊन आला की घर हादरे. एकदा आमच्या काकांना नोकरी लागल्याची तार आली, ती फोडण्याआधीच आजीने टाहो फोडला होता, आणि शेजारच्या बाया धावल्या होत्या. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आम्ही मात्र बारा मित्रांत ती श्रावणात नव्याने सुरू केली होती. जेथून केवळ महत्त्वाचेच येणार तेथे येण्याजाण्याचीच भीती बसते.

माणसे बिनकामाचे का बोलतात, याचा विचार विद्वानांनीही केला आहे. मालिनोव्हस्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिकातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून तेथील लोकांचे व्यवहार पाहिले, आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की प्रकृतीची विचारपूस, हवापाण्याच्या गोष्टी यांचा हेतू माहिती देणे हा नसतोच; त्या बोलण्याने माणसे एकमेकांशी बांधली जातात. आमच्या वऱ्हाडात हे बेटांवर न जाता कळते. रस्त्यात भेटलेला मनुष्य 'काय म्हन्ता?' असे विचारतो, तेव्हा आपण काय म्हणतो याची त्यास जिज्ञासा नसते, आणि 'काई नाई, चालू आहे' या उत्तराने त्याचे पूर्ण समाधान होते. परंतु एके दिवशी ते उत्तर नेहमीपेक्षा हळू आले, तर तो थांबतो.

परतवाड्याच्या मित्रास आम्ही ही सर्व हकीकत फोनवर सांगितली. तो म्हणाला, गालिबची पत्रे वाच. १८६९ मध्ये वारलेल्या या थोर कवीने उर्दूत जी पत्रे लिहिली, त्यांत पावसात गळणारे छत आहे, पेन्शनची रखडपट्टी आहे, दुखणी आहेत. आणि पत्राचे आपण बोलणे करून टाकले, हा त्याचा अभिमान होता. आम्ही त्यास म्हणालो की आमच्या घरच्या ग्रंथातही असे आहे, आणि इतकी वर्षे वाचूनही आमच्या डोक्यात शिरले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असता, पौल हा त्रोवसास कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा घेऊन येण्यास सांगतो. पुस्तकेही आण म्हणतो, आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. पहिल्या पत्रात त्या तरुणाच्या पोटाच्या तक्रारीची विचारपूस आहे. आमच्यासारखा चालक तेथे असता, तर झग्याचे ते वाक्य त्याने तांबड्या रेघेखाली घातले असते. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३४ पासून भागाभागाने निघाली व आजही वाचली जाते, तिच्यातून घरातल्या फजित्या काढल्या तर काय उरेल?

अर्थात बिनकामाचे सगळेच बोलणे आम्ही डोक्यावर घेत नाही. कोणाचे तरी औषध कोणास तरी सुचविणे, खोट्या बातम्या पुढे ढकलणे, शेजाऱ्याची निंदा, हे आमच्या गटातही झाले आहे, आणि त्यास रेघ ओढावीच लागेल. तसेच रात्री बारापर्यंत मोबाइल घेऊन बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या लेखाचा दाखला आपल्या आईबापांस देऊ नये. आम्ही बोलत आहो ते माणसाने आपल्या माणसास आपलेच सांगण्याविषयी.

पालकसभेस येणारे पुष्कळ बाप आमच्याकडे एकच तक्रार करतात: मुलगा काही सांगत नाही, 'शाळेत काय झाले' म्हणून विचारले तर 'काही नाही' म्हणतो. आम्ही त्यांना वय, संगत, मोबाइल अशी कारणे मोठ्या अधिकाराने सांगत असू. त्या रात्री आमचा स्वतःचा मुलगा जेवावयास बसला तेव्हा आम्ही त्यास तेच विचारले, व त्याने तेच उत्तर दिले. मग आम्हांस आठवले की तो तिसरीत असताना खोडरबर कोणी नेले, डब्यातील भाजी कोणी खाल्ली, कोणाच्या दप्तरात बेडूक निघाला, हे सांगत स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत आमच्या मागे मागे येई. आणि आम्ही गठ्ठ्यातून डोके वर न काढता म्हणत असू, 'कामाचे असेल ते बोल.' आता तो नववीत आहे. कामाचे तेवढेच बोलतो. फीची तारीख सांगतो, सही मागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गटात ती सूचना मागे घेतल्याचे लिहावयास बसलो. तीन मसुदे केले. तिन्ही निर्दोष होते, व तिन्ही पुसून टाकले. शेवटी लिहिले, 'आज दूध उतू गेले. आम्ही समोरच उभे होतो, तरी गेले.' तास दीड तास कोणी बोलले नाही. मास्तरांचा मोबाइल चोरीस गेला असावा, असे बहुधा त्यांस वाटले. मग मस्कतहून विचारणा आली, 'शेगडी कोणी पुसली?' 'आम्हीच,' असे आम्ही कळविले. त्यावर कंडक्टराने जे लिहिले ते शाळेच्या वार्षिकात छापण्यासारखे नाही.

बागाइतदार मात्र गप्प होता. तेव्हा रविवारी उपासना आटोपून आम्ही पत्नीसह शिरजगावास गेलो. अमरावतीचे दोघे तेथे आधीच आले होते. बँकवाला मित्र अंगणात खाली मान घालून बसला होता, व ती मान आखडलेली होती की नाही हे आम्ही विचारले नाही. बागेच्या धुऱ्याशी गळलेल्या फळांचा ढीग काळा पडला होता. जी फळे झाडावर उरली होती, त्यांवर पिवळी झाक येऊ लागली होती. मित्र म्हणाला, जेवढी आहेत तेवढी चांगली भरली आहेत.

आई खाटेवर बसली होती. वॉकर भिंतीशी टेकविला होता, आणि त्यावर एक लुगडे वाळत घातले होते. "जेवले काय?" हा तिचा पहिला प्रश्न. आम्ही हो म्हटले, ते तिला पटले नाही. मग आम्ही विचारले, "माय, पडली कशी तू?"

ती सावरून बसली. आरंभ केला तो एका कोंबडीपासून. ती कोंबडी शेजारणीची होती, आणि शेजारणीची सून त्याच आठवड्यात माहेरी गेली होती. का गेली, ते आले. तिच्या माहेरी विहिरीस पाणी कसे लागले, ते आले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांस लावावयाचा रंग कोणी आणला व तो कसा कच्चा निघाला, ते आले. अंगणापर्यंत ती अजून पोहोचली नव्हती. मित्राने एकदा आमच्याकडे पाहिले. "माय, मास्तरले कामाचं सांग," तो म्हणाला.

"सांगू दे," आम्ही म्हणालो. पत्नीने खाटेजवळ पाट ओढला. म्हातारी पुन्हा कोंबडीवर आली.